तीन पानांचा पुणेरी अल्गोरिदम

एम्बॉस नावाचा एक मोफत, ओपन सोर्स संच आहे. डीएनए आणि प्रथिनांच्या अक्षरमाळा चाळणारे ढीगभर छोटे प्रोग्रॅम त्यात आहेत. कमांड लाइनवर चालणारे, म्हणजे आपल्याच जातकुळीचे! त्यातल्या 'अँटिजेनिक' या प्रोग्रॅमची माहिती वाचताना दोन आडनावं दिसली आणि मी चमकलोच: कोळस्कर आणि टोणगावकर.

शोध घेतला तर धागा थेट पुणे विद्यापीठात पोचला. तिथे 1987 साली बायोइन्फर्मॅटिक्सचं केंद्र सुरू झालं. डॉ. अशोक कोळस्कर तिथले (पुढे ते कुलगुरूही झाले). 1990 मध्ये या दोघांनी 'फेब्ज लेटर्स' मध्ये तीन पानांचा लेख छापला. जगभर वापरलं जाणारं ब्लास्टही त्याच वर्षीचं.

प्रश्न असा होता: शरीरातली प्रतिपिंडं विषाणूचं अख्खं प्रथिन पकडत नाहीत, त्यावरचा एक छोटा भाग पकडतात. तो कुठला, हे प्रयोगशाळेत शोधायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. नुसती अक्षरमाळा वाचून अंदाज बांधता येईल का?

त्यांनी प्रयोगातून आधीच माहीत असलेले असे भाग जमवले. त्यांत कुठलं अमिनो आम्ल किती वेळा येतं ते मोजलं, भौतिक-रासायनिक गुणधर्म जोडीला घेतले आणि 20 आम्लांना एकेक आकडा दिला. मग सात-सात अक्षरांची खिडकी सरकवत न्यायची, सरासरी मधल्या अक्षरावर लिहायची. जिथे सलग आकडे उंच, तिथे संशयित! थोडक्यात, एक फॉर लूप. अचूकता सुमारे 75 टक्के, असं लेखात म्हटलं होतं.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण 2005 मध्ये ब्लाइथ आणि फ्लॉवर यांनी अशा 484 आकडेकोष्टकांची परीक्षा घेतली. निकाल? सर्वात चांगली कोष्टकंही नाणेफेकीपेक्षा जेमतेम सरस. कारण प्रथिन सरळ दोरी नसतं, त्याची घडी होते. माळेत लांब असलेली अक्षरं घडीत शेजारी येतात आणि प्रतिपिंडं बऱ्याचदा नेमकी तीच जागा धरतात.

गंमत म्हणजे हे पुण्यातही ओळखलं होतं. 1999 मध्ये कोळस्कर आणि उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाची त्रिमिती रचना मांडून अशा जागा शोधल्या. 2005 मध्येच त्यांच्या गटाने त्रिमिती रचनेवर चालणारा 'सीईपी' सर्व्हर प्रसिद्ध केला.

तरीही 2020 मध्ये कोरोनाचं स्पाइक प्रथिन हाती येताच अनेकांनी 1990 चीच पद्धत चालवली. का? तिला फक्त अक्षरमाळा लागते आणि उत्तर काही सेकंदांत मिळतं. आपल्या ऑफिसातला जुना कोड टिकतो, तो याच कारणाने ना?

म्हणून त्या तीन पानांबद्दलचा माझा आदर कमी होत नाही. विहीर कुठे खणायची याचा अंदाज पाणाड्या देतो, पण पाणी लागलं असं खणल्याशिवाय म्हणता येत नाही. आलेखातल्या उंच टोकावर भरवसा ठेवून कुणी थेट लस किंवा तपासणी किट बेतलं, तर चूक त्या फॉर लूपची नाही. ती तो चालवणाऱ्याची.