फळीवरचे आणि तिजोरीतले चित्रपट

पणजीत २०१३ साली भरलेल्या ४४व्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा प्रारंभ ‘द डॉन हुआन्स’ या चेक चित्रपटाने झाला आणि त्याचे दिग्दर्शक यिर्झी मेंझेल यांना त्या वर्षीचा जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. मेंझेल यांचा परिचय करून देताना सहसा ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’ (१९६६) या त्यांच्या ऑस्करविजेत्या चित्रपटाचा उल्लेख होतो. त्यांच्या दुसऱ्या मोठ्या सन्मानाची कथा मात्र विलक्षण आहे. १९९० साली बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार (अन्य एका चित्रपटासह विभागून) मिळवणारा त्यांचा ‘लार्क्स ऑन अ स्ट्रिंग’ १९६९ सालीच तयार झाला होता. मधली वीस वर्षे तो कुलुपात होता.

अशा चित्रपटांना त्या त्या भाषेत स्वतंत्र नावे आहेत. रशियन भाषेत ‘पोल्का’ म्हणजे फळी; तयार होऊनही प्रदर्शित न झालेला चित्रपट हा ‘फळीवरचा’ चित्रपट. चेक भाषेत त्यालाच ‘तिजोरीतला’ म्हणतात. दोन्ही शब्दांत एक सूक्ष्म सत्य आहे. चित्रपटाची निर्मिती पूर्णपणे सरकारच्या हाती असल्यामुळे (चेकोस्लोव्हाकियात १९४५ सालीच तिचे राष्ट्रीयीकरण झाले होते) न आवडलेल्या कलाकृतीवर बंदी घातल्याचे जाहीर करण्याचीही गरज नसे. पैसा सरकारचा, स्टुडिओ सरकारचा, चित्रपटगृहेही सरकारचीच. चित्रपट स्वीकारला नाही की काम झाले.

‘लार्क्स ऑन अ स्ट्रिंग’ बोहुमिल ह्राबल यांच्या कथांवर आधारित आहे. स्थळ क्लाद्नो येथील भंगाराचे आवार, काळ १९५०चे दशक. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, सॅक्सोफोनवादक, आरोपीलाही बचावाचा अधिकार असतो असे मानणारा सरकारी वकील, अशी ‘बुर्झ्वा’ ठरलेली माणसे येथे ‘सुधारण्यासाठी’ पाठवलेली आहेत. वितळवण्यासाठी आलेल्या ढिगात टंकलेखनयंत्रे आहेत, क्रूसही आहेत. शेजारी देशाबाहेर पळण्याच्या प्रयत्नात पकडलेल्या स्त्री कैदी काम करतात. या साऱ्यात मेंझेल विनोद आणि प्रेमकथा शोधतात. सत्ताधाऱ्यांना बहुधा हेच अधिक झोंबले असावे. संतापाला उत्तर देता येते, हसण्याला देता येत नाही. २१ ऑगस्ट १९६८ रोजी सोव्हिएत नेतृत्वाखालील सैन्य देशात शिरले होते आणि साठच्या दशकातील मोकळीक संपत आली होती. मेंझेल यांना पुढचा चित्रपट करण्यासाठी काही वर्षे थांबावे लागले. मिलोश फोरमान अमेरिकेला निघून गेले.

तिजोरीतल्या चित्रपटांपैकी माझ्या मते सर्वांत धारदार आहे तो कारेल काखिन्या यांचा ‘द इअर’ (१९७०). मूळ चेक नाव ‘उखो’, म्हणजे कान. एक उपमंत्री आणि त्याची पत्नी सरकारी मेजवानीहून रात्री घरी परततात. लग्नाचा दहावा वाढदिवस आहे, पण फाटकाची किल्ली सापडत नाही, घरात वीज नाही, आणि मेजवानीत कानावर आले आहे की उपमंत्र्याच्या वरिष्ठाला अटक झाली. उरलेली रात्र नवरा कागद जाळण्यात आणि मेजवानीतला प्रत्येक शब्द आठवून त्याचा अर्थ लावण्यात घालवतो. पती-पत्नीचे भांडण आणि राजकीय भय येथे वेगळे काढताच येत नाहीत; भिंतीतला ‘कान’ ऐकतो आहे हे ठाऊक असूनही दोघे एकमेकांना बोचकारत राहतात. जवळजवळ सारा चित्रपट एका घरात, काळ्या-पांढऱ्या रंगात घडतो. शेवट सांगत नाही. तो टेलिफोनच्या घंटेवर येतो एवढेच.

या चित्रपटाचे लेखन काखिन्या यांच्यासह यान प्रोखाझ्का यांनी केले होते. प्रोखाझ्का एकेकाळी पक्षाच्या केंद्रीय समितीचे उमेदवार सदस्य होते, म्हणजे त्या घरातली हवा त्यांच्या परिचयाची होती. पुढे जे घडले ते कोणी पटकथेत लिहिले असते तर अतिशयोक्ती वाटली असती. त्यांच्या खासगी संभाषणांचे चोरून केलेले ध्वनिमुद्रण १९७० साली सरकारी दूरचित्रवाणीने बदनामीसाठी प्रसारित केले. १९७१ साली प्रोखाझ्का यांचे निधन झाले. ‘द इअर’ कान महोत्सवाच्या स्पर्धेत पोहोचला १९९० साली.

रशियातील फळी याहून लांब होती. तार्कोव्स्की यांचा ‘आंद्रेई रुब्ल्योव’ १९६६ साली पूर्ण होऊन मायदेशी १९७१ अखेरीस प्रदर्शित झाला. किरा मुरातोवा यांचा ‘लाँग फेअरवेल्स’ (१९७१) १९८७पर्यंत थांबला. (मुरातोवा यांची कर्मभूमी ओदेसा, म्हणजे आजचे युक्रेन. ‘रशियन सिनेमा’ या सरसकट नावाखाली अशी अनेक माणसे झाकली जातात.) तथापि सर्वांत मोठी किंमत मोजली ती आलेक्सांद्र आस्कोल्दोव यांनी.

त्यांचा ‘कमिसार’ (१९६७) वासिली ग्रोसमन यांच्या बेर्दिचेव गावातील एका कथेवरून घेतला आहे. यादवी युद्धाच्या काळात लाल सेनेची कठोर कमिसार क्लावदिया वाविलोवा गरोदर असल्याचे कळते आणि बाळंतपणासाठी तिला एका गरीब ज्यू कारागिराच्या, येफीमच्या, घरी ठेवले जाते. घरात त्याची बायको, म्हातारी आजी आणि सहा मुले. नोन्ना मोर्द्युकोवा यांची वाविलोवा प्रथम लष्करी बुटांच्या आवाजासारखी आहे. त्या घरातल्या उबेत ती हळूहळू सैलावते. गावावर हल्ला होण्याच्या बेतात असताना सारे तळघरात लपतात, आणि येफीम मुलांची भीती घालवण्यासाठी नाचू लागतो. त्या नाचातूनच पुढच्या काळाचे एक दृश्य उमटते: हेच कुटुंब, इतर ज्यूंच्या रांगेत, कपड्यांवर तारा लावून छळछावणीत शिरते आहे. कथा १९२०च्या आसपासची, दृश्य दुसऱ्या महायुद्धातले. सोव्हिएत पडद्यावर ज्यूंच्या संहाराचा असा थेट उच्चार जवळजवळ होतच नसे. त्यात १९६७ हे क्रांतीचे पन्नासावे वर्ष आणि अरब-इस्रायल युद्धाचेही. चित्रपट अडवला गेला, आस्कोल्दोव यांना पक्षातून काढण्यात आले आणि ते व्यावसायिकदृष्ट्या अपात्र ठरवले गेले.

मे १९८६ मध्ये चित्रपटकर्मींच्या संघाच्या अधिवेशनात एलेम क्लिमोव अध्यक्ष झाले आणि फळीवरचे चित्रपट तपासण्यासाठी आयोग नेमला गेला. ‘कमिसार’ला तेव्हाही विलंब झाला, तो १९८७ साली मॉस्कोत दाखवला गेला आणि १९८८ साली बर्लिनमध्ये रौप्य अस्वल मिळवून आला. आस्कोल्दोव २०१८पर्यंत जगले, पण त्यांनी दुसरा कथाचित्रपट केला नाही. चित्रपट फळीवर वीस वर्षे टिकतो. दिग्दर्शकाची वीस वर्षे टिकत नाहीत.

फिनलंडची गोष्ट निराळी. तेथे लोकशाही होती, निर्मिती खासगी होती. हिटलरच्या काळात सोव्हिएत संघाशी लढलेल्या सैनिकांवरचा एडविन लाइने यांचा ‘द अननोन सोल्जर’ १९५५ सालीच निघाला आणि अफाट लोकप्रिय झाला. मात्र १९४८च्या मैत्री करारानंतर बलाढ्य शेजाऱ्याला दुखवायचे नाही हा अलिखित नियम होता, आणि परराष्ट्र संबंधांना बाधा या कारणावरून चित्रपट अडवण्याची कायद्यात सोयही होती. फिनलंडमध्ये जन्मलेल्या कास्पर व्रेडे यांनी सोल्झेनित्सिन यांच्या ‘इव्हान देनिसोविच’वर १९७० साली केलेला ब्रिटिश-नॉर्वेजियन चित्रपट फिनलंडमध्ये दाखवू दिला नाही. गंमत अशी की मूळ कथा १९६२ साली मॉस्कोच्याच मासिकात अधिकृत परवानगीने छापली गेली होती!

आकी काउरिस्मॅकी यांच्या मितभाषी पात्रांना या इतिहासाची फलश्रुती म्हणणे ओढूनताणून होईल. त्यांचे मौन गरिबीचे आणि एकटेपणाचे आहे. तरी त्यांच्या ‘फॉलन लीव्ह्ज’मध्ये (२०२३) स्वयंपाकघरातला रेडिओ युक्रेनवरील रशियन हल्ल्याच्या बातम्या देत राहतो आणि नायिका वैतागून तो बंद करते, हे लक्षात राहते.

हे चित्रपट प्रथमच पाहणाऱ्याने ‘द इअर’पासून सुरुवात करावी. तो कौटुंबिक नाटकासारखा उलगडतो, त्यामुळे चेक राजकारणाची पूर्वतयारी लागत नाही. मग ‘लार्क्स’. ‘कमिसार’ शक्यतो मोठ्या पडद्यावर, आल्फ्रेड श्निट्के यांचे संगीत नीट ऐकू येईल अशा ठिकाणी पाहावा.