कान, जीव आणि हसू

माझ्या खालाला, म्हणजे मावशीला, उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले. कानात सारखी शिट्टी वाजते, असे ती म्हणे. वय झाले, असे समजून आम्ही दुर्लक्ष केले. एमआरआय केल्यावर कळले की, आतल्या कानातून मेंदूकडे जाणाऱ्या तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूवर गाठ आहे. ती कर्करोगाची नव्हती. पण वाढत गेल्यास मेंदूवर दाब येऊन जिवावर बेतते. "चेहऱ्याचा मज्जातंतू अगदी चिकटून जातो," डॉक्टर म्हणाले. खालाने एवढेच विचारले, "मला हसता येईल ना?"

श्रोतेहो, या शस्त्रक्रियेचा सारा इतिहास त्या एका प्रश्नात आहे.

लंडनमध्ये १८९४ साली चार्ल्स बॅलन्स यांनी एका स्त्रीची अशी गाठ बोटाने सोडवून काढली. ती वाचली, चेहऱ्याची एक बाजू मात्र लुळी पडली. तरी ती नशीबवान, कारण त्या काळी बहुतेक रुग्ण दगावत. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी गाठीचे आवरण तसेच ठेवून आतला भाग कोरून काढण्याचा मार्ग धरला. त्यांचा ग्रंथ १९१७ साली आला, तोवर मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास उतरले होते. पण उरलेली गाठ पुन्हा वाढे. वॉल्टर डँडी यांनी गाठ संपूर्ण काढून दाखवली. जीव वाचू लागले, चेहरे मात्र हरवत.

१९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस पुढे आले. ते आधी दंतवैद्यक शिकलेले, मग कानाचे डॉक्टर झालेले. शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणि दातांच्या दवाखान्यातल्यासारखे फिरते यंत्र घेऊन त्यांनी कानामागचे हाड कोरत गाठ गाठली. या वाटेत त्या कानाचे ऐकणे जाते; पण चेहऱ्याचा मज्जातंतू आधी दिसतो, म्हणून तो जपता येतो.

खालाचीही शस्त्रक्रिया याच वाटेने झाली. मज्जातंतूला चिकटलेला गाठीचा पातळ पापुद्रा डॉक्टरांनी जाणूनबुजून ठेवला. म्हणजे कुशिंग यांचा संयम पुन्हा कामी आला. त्या पापुद्र्यावर एमआरआयने लक्ष ठेवावे लागते.

मी कवी, शब्द आधी कानाने तोलतो. कान देऊन हसू घ्यायचे, हा सौदा मला जमला असता का, कोण जाणे! ईदला आम्ही सारे खालाच्या डाव्या बाजूला बसतो. विनोद एखादवेळी तिला नीट ऐकू येत नाही. हसते मात्र पूर्ण चेहऱ्याने.