संगणकाचं विरजण

दही लावायला आधी चमचाभर दही लागतं. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचंही तेच. बॅकअपच्या डिस्कमध्ये सगळं जिथल्या तिथे असतं. पण ती डिस्क वाचणारा प्रोग्राम त्याच मशीनमध्ये अडकलेला, जे आता सुरूच होत नाही. बॅकअपचा इतिहास सांगणारे बहुतेक जण टेप किती मोठी झाली, डिस्क किती स्वस्त झाली हे सांगतात. मला त्यापेक्षा ह्या चमचाभर विरजणाची कुळकथा जास्त रंजक वाटते.

१९५२ च्या आयबीएम ७०१ वर त्यासाठी एक बटण होतं, ‘लोड’ नावाचं. ते दाबलं की कार्ड, टेप किंवा ड्रमवरचे पहिले आकडे मेमरीत यायचे आणि पुढचं वाचन त्या आकड्यांतल्या सूचनाच करायच्या. सगळ्यांच्या नशिबी असं बटण नव्हतं. १९६५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं पीडीपी-८ बाजारात आणला, तो सुरू करायची रीत बघा. समोरच्या पॅनलवर बारा स्विच. आधी ७७५६ हा पत्ता स्विचांवर जुळवायचा आणि मशीनला सांगायचा. मग ६०३२ हा आकडा जुळवून आत टाकायचा, मग ६०३१, मग ५३५७... असे एकूण सोळा आकडे, सगळे अष्टमान पद्धतीतले. एक स्विच खालचा वर राहिला की सगळं मुसळ केरात. ह्या सोळा आकड्यांना ‘रिम लोडर’ म्हणत. त्याला फक्त टेलिटाइपच्या रीडरमधली भोकं पाडलेली कागदी फीत वाचता यायची, तीही एका ठरावीक साध्या पद्धतीनं लिहिलेली. त्या फितीवरून त्याच्यापेक्षा शहाणा ‘बिन लोडर’ आत घ्यायचा आणि मग कुठे खऱ्या कामाच्या प्रोग्रामची फीत लावायची.

हे रोज करावं लागत नसे, कारण तेव्हाची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती आणि वीज गेली तरी तिच्यातलं पुसलं जात नसे. पण एखादा भरकटलेला प्रोग्राम त्या सोळा घरांवरून नांगर फिरवून गेला, की माणूस पुन्हा स्विचांपुढे उभा. अनेकांना ते आकडे पाढ्यांसारखे पाठ असत. म्हणजे सगळं बुडाल्यावर मशीनची शेवटची प्रत माणसाच्या डोक्यात होती!

बॅकअप हे नियमानं करायचं काम ठरलं ते एका मशीनवर अनेकांचं काम चालू लागल्यावर. एमआयटीत मल्टिक्स ही प्रणाली आखली जात असताना, १९६५ मध्येच, रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी तिच्या फाइल-व्यवस्थेवर निबंध लिहिला. बदललेल्या फाइली सतत टेपवर उतरवायच्या, आठवड्यातून एकदा मोठी प्रत काढायची आणि सर्वनाश झाला तर त्या टेपांवरून सगळं परत भरायचं, अशी तजवीज त्यात आहे. सर्वनाश होणारच हे गृहीत धरून, तेही यंत्रणा उभी राहण्याआधी लिहिणारे इंजिनिअर मला फार आवडतात. पुढे युनिक्सच्या ‘डम्प’ प्रोग्रामनं ह्याच कल्पनेला शून्य ते नऊ अशा पायऱ्या दिल्या: शून्य म्हणजे सगळं, त्यापुढचे आकडे म्हणजे खालच्या पायरीची प्रत काढल्यापासून बदललेलं तेवढंच.

तरी विरजणाचा प्रश्न होताच. १९८६ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या एका व्हॅक्स मशीनवर कुणीतरी सर्वाधिकार हाती असताना भलत्याच ठिकाणी ‘सगळं पुसा’ असा हुकूम दिला. थांबवेपर्यंत रोजच्या कमांड गेल्या होत्या, टेप ड्राइव्हपर्यंत पोचायची नोंद गेली होती, टेपवरचं परत भरणारा प्रोग्रामही गेला होता. मशीन मात्र अजून चालू होतं आणि एका टर्मिनलवर ईमॅक्स हा संपादक उघडा होता. बंद केलं असतं तर पुन्हा उठलं नसतं. ‘एटीसी’ नावाचं फोल्डर हवं होतं, पण फोल्डर बनवणारी कमांड नाही. शेवटी तिथल्या लोकांनी ‘टीएमपी’ फोल्डरचं नाव बदलून ‘एटीसी’ करणारा इवलासा प्रोग्राम थेट मशीनच्या भाषेत तयार केला आणि त्याचे आकडे ईमॅक्समधून आत घातले. तेवढ्या फटीतून बाकीचं नेटवर्कवरून दुसऱ्या व्हॅक्सकडून आणलं. पीडीपी-८ पासून वीस वर्षं लोटली होती, आणि माणसं पुन्हा हातानं आकडेच भरत होती.

घरगुती पीसीवर विरजणाचं काम फ्लॉपीनं केलं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मरे हॅझर्ड यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘घोस्ट’ लिहिलं; १९९८ मध्ये सिमँटेकनं त्यांची कंपनी विकत घेतली. डॉसची फ्लॉपी घालून मशीन उठवायचं आणि विंडोजसकट अख्खी डिस्क एका फाइलमधून जशीच्या तशी उतरवायची. आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांना ‘फॉरमॅट मारून’ एकेक ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा हा केवढा आराम होता, ते त्यांनाच विचारा.

डिस्क परत भरण्याचं कोडं इथे बऱ्यापैकी सुटलं. पण शेकडो मशीन एकमेकांच्या ओळखीवर चालतात तिथे विरजण वेगळंच असतं. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ ह्या व्हायरसनं मर्स्क ह्या जहाज कंपनीचं जाळं उद्ध्वस्त केलं, तिच्या समूहातलं आपलं न्हावाशेवाचं गेटवे टर्मिनलही ठप्प झालं आणि कंटेनर तुंबले. सर्व्हरांच्या प्रती होत्या. पण जाळ्यात कोण कोण आहे, कुणाला काय करायची मुभा आहे हे ठरवणारे जे डोमेन कंट्रोलर, त्यांचा वेगळा बॅकअप नव्हता. ते एकमेकांच्याच प्रती म्हणून चालत आणि सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती! ती प्रत माणसाच्या हातून इंग्लंडला नेली आणि त्यावरून उभारणी झाली. दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार पीसी नव्यानं बसवले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं.

तुमच्या लॅपटॉपसाठी इतकं काही लागत नाही. पुरेशा जागेचा पेनड्राइव्ह घ्या, विंडोजमधूनच त्याचा रिकव्हरी ड्राइव्ह बनवा, डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर ते उघडायचा ४८ आकडी क्रमांक कागदावर उतरवून कपाटात ठेवा. आणि मशीन धडधाकट आहे तोवरच एकदा त्या पेनड्राइव्हवरून ते सुरू करून बघा.