तुकड्यांचा वाडगा



या व्यासपीठावर आपण राज्यांचा आणि लढायांचा इतिहास पुष्कळ ऐकला असेल. मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यांच्या फाटकाबाहेर बरेच झाले. तेव्हा माझ्या वाट्याला इतिहास आला तोही एका लाकडी वाडग्याचा. हा वाडगा माझ्या घरी आहे. त्याच्या तळाला तडा गेला आहे. तडा गेला नसता तर मी त्याच्याविषयी बोलायला उभाही राहिलो नसतो.

घोडेगावाहून डिंभ्याकडे निघाले की वाटेत शिनोली लागते. एका फाउंड्रीच्या पॅटर्न खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक जुने सभासद तिथे राहतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही म्हणतो. निवृत्तीनंतर त्यांनी पडवीत अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीवर एक लहान लेथ बसवला, आणि ऐन श्रावणात आयुष्यातला पहिला वाडगा करायला घेतला. तो ओंडका कोरून नव्हे, तर तुकडे जोडून. सागवान आणि शिसवीचे सुमारे सव्वादोन इंचांचे बारा तुकडे, दोन्ही टोकांना पंधरा अंश तिरके कापलेले. ते जोडले की एक कडे होते. अशी चार कडी, विटांच्या थरांप्रमाणे सांधे चुकवून एकावर एक. खाली तळाला एक अखंड फळी. एवढे झाल्यावर ते ढब्बू गाठोडे लेथवर चढते आणि पटाशीखाली गोल होते.

मी विचारले, "तात्या, एवढा खटाटोप कशाला? आख्खा ओंडका नाही का मिळत?"

"मिळतो की भाऊ. पण आख्खा ओंडका आपल्या मनानं चालतो. तुकडं ऐकत्यात."

लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही. आडवे मात्र कित्येक पटींनी अधिक आटते. म्हणून ओल्या ओंडक्यातून कातलेला वाडगा काही महिन्यांत लंबगोल होतो. तुकड्यांच्या कड्यात प्रत्येक तुकड्याचे रेषे परिघाच्या दिशेने धावतात, आणि काठ गोल राहतो. यात काटकसरीचा हेतू फारसा नाही. ही एक विद्या आहे, आणि ती आपल्याकडे कुठून कुठे आली हेच मला सांगायचे आहे.

लाकूड फिरवून कातण्याची कला फार जुनी. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या काळातले, लेथचे चित्र आहे. त्यात एकजण दोरी ओढतो आहे आणि दुसरा कापतो आहे. आपला कातारीही असाच काम करी. जमिनीवर बसायचे, हत्यार हाताने धरायचे व पायाने आवळायचे, आणि जोडीदाराने दोरी ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. कापले जाई ते एकाच फेऱ्यात. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात कारागिरांच्या यादीत कातारी स्वतंत्र नोंदलेले आहेत. (दोरी ओढणाऱ्याची नोंद कुणी करीत नाही, हे मी धंद्याच्या सवयीने सांगून ठेवतो.) सावंतवाडीची लाखेची खेळणी याच कुळातली, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने लाख वितळून रंग चढतो.

पण कातारी कातत असे तो एकसंध लाकडाचा तुकडा. तुकड्यांचे वर्तुळ बांधण्याचे काम सुताराच्या अंगणात चाले, आणि त्याचे नाव बैलगाडीचे चाक. मध्ये तुंबा, त्यात बहुधा बारा आरे, आणि परिघावर सहा पाट्या. एका रुंद फळीतून आख्खे वर्तुळ कापले तर रेषे जिथे आडवे येतील तिथे ते पहिल्याच दगडावर मोडेल. म्हणून पाट्या वेगवेगळ्या. वरून तापवलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओतले की ती आक्रसते आणि सगळे सांधे आवळून धरते. उन्हाळ्यात पाट्या आटून धाव ढिली झाली म्हणजे शेतकरी चाके नदीच्या डोहात टाकीत. लाकूड फुगे, चाक पुन्हा घट्ट होई.

इंग्रजी अमदानीत आगगाडी आली, १८५३ साली; पाठोपाठ कापडगिरण्या आल्या, आणि आमच्या आंबेगाव तालुक्यातली माणसे मुंबईला गेली. महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू त्यांतलेच. यंत्रे आली तशा पुल्या, दातेरी चाके, पंपांची कवचे ओतणे आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा त्यांचा लोखंडी नांगर शेतात पोचू लागला होता. परंतु ओतीव लोखंडाची वस्तू आधी लाकडात जन्म घेई, हे बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. तो ओलसर वाळूत दाबून काढला की पोकळी राहते आणि तीत रस ओततात. पुलीचा नमुना वाळूच्या ओलाव्याने वाकडा झाला तर पुली वाकडी. म्हणून पॅटर्नवाला तुकड्यांची कडी सरसाने एकमेकांवर चिकटवून ती लेथवर कातू लागला. चाकवाल्या सुताराची पाटी आणि कातारीची पटाशी या खात्यात एकत्र आल्या.

पॅटर्नवाल्याची मोजपट्टीही निराळी. ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आक्रसते; म्हणून त्याच्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटाहून तेवढा मोठा असतो. कामगाराच्या हातातली पट्टी मालकाच्या पट्टीपेक्षा मोठी असलेली मी एवढीच पाहिली.

आता एक कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगारश्रेणीचा करार झाला. त्यात पॅटर्न खात्यातल्या माणसांना साध्या सुताराच्या श्रेणीत घातले गेले. व्यवस्थापनाने विचारले, "यांच्याजवळ प्रमाणपत्र कुठे आहे?" वाटाघाटीला आमच्या बाजूने मी बसलो होतो. कडे म्हणजे काय, बारा तुकड्यांना चोवीस टोके असतात, प्रत्येक टोक अर्धा अंश चुकले तर शेवटच्या सांध्यात बारा अंशांची फट पडते, आठ इंची वाडग्यात ती पाऊण इंचाहून मोठी होते, हे मला ठाऊकच नव्हते. मी सुतार हा शब्द मान्य करून सही केली. सुतार हा काही हलका शब्द नव्हे. पण त्या कागदावर तो कमी पगाराचा शब्द होता. पुढे ॲल्युमिनियमचे आणि राळेचे नमुने आले, मग संगणकावर चालणारी यंत्रे आली, आणि ते खाते बंद पडले.

ती चोवीस टोके तात्यांनी शिनोलीला माझ्याकडून कापून घेतली. माझी अर्थातच चुकली. तात्यांनी सहा-सहा तुकड्यांची दोन अर्धकडी चिकटवली, समोरासमोरचे दोन सांधे मोकळे ठेवले, आणि अर्धकड्याची दोन्ही टोके सपाट फळीवरच्या काचकागदावर एकदम घासली. सगळ्या चुका त्या दोन सांध्यांत जमल्या होत्या, त्या तिथेच निघून गेल्या. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून कडे रात्रभर आवळून ठेवले. माझ्या वाटाघाटीच्या वेळी हे कुणी मला दाखवले असते तर! पण मी खात्यात जाऊन विचारले कुठे होते?

वाडगा सुंदर झाला. तात्यांनी तो मला दिला. चैत्रात एका दुपारी घरात काडी मोडल्यासारखा आवाज झाला आणि तळ उभा चिरला. काठ मात्र जसाच्या तसा गोल. मी तो पिशवीत घालून शिनोलीला नेला. तात्यांनी तो उलटा केला आणि हसले.

"तळाची फळी कड्याला चिकटवली, तीच चूक. श्रावणात ती फुगलेली होती. आता आटायला गेली तर कडं सोडंना. चाकाला पाणी दाखवत्यात; वाडग्याला कोण दाखवणार?"

दुसऱ्या वाडग्यात त्यांनी कड्याला आतून खाच पाडली आणि तळ न चिकटवता तीत मोकळा बसवला. तो अजून शाबूत आहे.

शिनोलीपासून जुन्नर लांब नाही. तिथल्या लेण्यांत वेळू-कामगारांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचे शिलालेख आहेत. कामगारांच्या संघटनेवर लोक पैशाचा विश्वास टाकीत होते. कार्ल्याच्या चैत्यात छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत, आणि दाराशी ते दार करणाऱ्या सुताराचे नाव कोरलेले आहे: धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा. हे मी तात्यांना सांगितले आणि म्हटले, "तुम्हीही नाव घाला." त्यांनी माझा चिरलेला वाडगा घेतला, खिळा घेतला आणि तळावर कारखान्यातला आपला तिकीट नंबर कोरला. "नाव कुणी विचारलं नव्हतं," म्हणाले.

दुसऱ्या वाडग्यावर मी आग्रहाने नाव घालायला लावले. त्यांच्या घरी त्यात लिंबे ठेवतात.