फेकलेल्या फायली आणि एक दिवसाची कार्यशाळा



शासकीय कर्मचाऱ्यांना ‘सामाजिक संवेदनशीलते’चे धडे देण्याची आता रीतच पडली आहे. १४ एप्रिल जवळ आला, संविधान दिन आला, किंवा एखाद्या गावात अत्याचार होऊन मोर्चे निघाले, की सभागृह घेतले जाते. मागे बॅनर लागतो, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो, वक्ते बोलतात, जेवण होते, हजेरीपटावर सह्या होतात. दुसऱ्या दिवशी तोच ठाणे अंमलदार तक्रार घेऊन आलेल्या बाईला सांगतो, “ताई, आधी गावात मिटतंय का बघा.” सामाजिक काम करताना आम्ही अशा कार्यशाळांतही बसलो आहोत आणि त्या बाईसोबत ठाण्याच्या बाकावरही बसलो आहोत.

मग प्रशिक्षण नकोच का? हवे. पण ते कशासाठी आणि कशाच्या जोरावर, हे इतिहासाला विचारले पाहिजे. सरकारी नोकरीत येणारा माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. जातीचे प्रशिक्षण त्याला आधीच मिळालेले असते. घरात मिळते, गावात मिळते आणि दीर्घकाळ ते खुद्द सरकारच्या नियमपुस्तकातून मिळत आले आहे. इतक्या वर्षांचे शिक्षण एका दिवसाच्या भाषणाने उतरेल, असे मानणे हा भोळेपणा आहे किंवा लबाडी आहे.

बडोदा : राजा चांगला, कचेरी तीच

सप्टेंबर १९१७. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून आणि लंडनमधून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महाराज सयाजीराव गायकवाड हे त्या काळातले सुधारक राजे होते. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती त्यांनीच दिली होती. म्हणजे वरची इच्छा चांगली होती, हुकूम चांगला होता, नेमणूकही झाली होती. तरी कचेरीतले पट्टेवाले फायली लांबून टेबलावर फेकत. शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. धर्मशाळेतला हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

आपल्याकडे हा प्रसंग बहुधा बाबासाहेबांच्या सोसण्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. तो प्रशासनाचा धडा म्हणूनही वाचायला हवा. पट्टेवाल्याचा पगार राज्य देत होते, पण त्याच्या हातावर हुकूम जातीचा चालत होता. फाईल फेकली म्हणून त्याला कोणी जाब विचारला नाही. आजच्या कचेरीत फाईल फेकली जात नाही, ती खाली दाबली जाते. जाब विचारणारा आजही विरळाच.

सरकारनेच शिकवलेली जात

पट्टेवाला निदान गावातून शिकून आला होता. पण इंग्रजी राजवटीने जात कायद्यात आणि नियमावलीत लिहून कर्मचाऱ्यांना शिकवली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे हा कायदा देशभर पसरला. पारधी, कैकाडी अशा समाजांची हजेरी घ्यायची, त्यांच्या हालचालींवर नजर ठेवायची, हे पोलिसाचे रोजचे काम झाले. गुन्हा कोणी केला हे शोधण्याआधी जात विचारायची, हे त्याला नोकरीतच शिकवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली आणि पारध्याच्या पालावर पडणारी धाड आजही थांबलेली नाही.

तुरुंगांचे पाहा. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलीत झाडूकाम कोणत्या जातीच्या कैद्याने करायचे आणि स्वयंपाक कोणत्या जातीच्या कैद्याने करायचा, हे लिहिलेले होते. स्वातंत्र्य आले, संविधान आले, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले, तरी ही पाने फाडली गेली नाहीत. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. संविधान लागू झाल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांनी! या काळात तुरुंगातले कर्मचारी ‘नियमाप्रमाणे’च काम करत होते. त्यांच्यासमोर समतेची किती व्याख्याने झाली असती तरी हातातले पुस्तक उलटेच शिकवत होते.

ठराव झाला, पाणी मिळाले नाही

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांकडून चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. सप्टेंबरमध्ये सरकारने खातेप्रमुखांना अंमलबजावणीचे आदेशही दिले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला.

पण तीन वर्षे कोणी पाणी पिऊ शकले नाही. बोले यांना १९२६ साली पुन्हा उभे राहून ठराव आणावा लागला, की न ऐकणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान थांबवा. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले. तेव्हा कागदावरचा ठराव जागा झाला. सवर्णांनी मार दिला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती! तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

यातून काय दिसते? अधिकाऱ्यांना आदेश माहीत होता. माहिती कमी पडत नव्हती. आदेश न पाळल्याची किंमत कोणालाच मोजावी लागत नव्हती.

बाबासाहेबांनी काय मागितले?

म्हणूनच १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे निवेदन दिले, त्यात सवर्ण अधिकाऱ्यांचे मन वळवण्याची योजना नव्हती. समान नागरिकत्व, भेदभावाला आणि सामाजिक बहिष्काराला कायद्याने शिक्षा, विधिमंडळात प्रतिनिधित्व, सरकारी नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व आणि सरकारने आपल्या हिताकडे दुर्लक्ष केले तर वर दाद मागण्याचा हक्क, अशा त्यातल्या मागण्या होत्या. नोकऱ्यांची मागणी करताना त्यांनी कारण स्वच्छ सांगितले : नोकऱ्या उच्च जातींच्या हातात एकवटल्या आहेत आणि हे अधिकारी आपल्याला असलेली मुभा आमच्याविरुद्ध वापरतात.

मित्रांनो, आरक्षणाचा हा अर्थ आपण विसरत चाललो आहोत. आरक्षण पोटापाण्यासाठी आहेच, पण टेबलापलीकडे आपला माणूस असला तर फाईल फेकणाऱ्याचा हात अडखळतो, यासाठीही आहे. १९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींसाठी केंद्रीय नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा मिळवल्या, त्या याच विचाराने.

४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी हाच धागा पुढे नेला. संविधानाचा एक शब्दही न बदलता, केवळ प्रशासनाची रीत बदलून संविधान निष्फळ करता येते, असा इशारा त्यांनी दिला. संवैधानिक नीती ही जन्मजात भावना नाही, ती रुजवावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असेही ते म्हणाले. म्हणजे शिक्षणाला बाबासाहेबांचा विरोध नव्हताच. पण शिकवायचे काय, तर संवैधानिक नीती. ‘सर्वांशी प्रेमाने वागा’ हा उपदेश म्हणजे संवैधानिक नीती नव्हे.

कायद्यात काय आहे?

१९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा दुबळा निघाला. १९७६ साली त्याचा नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. तपासात जाणूनबुजून हयगय करणारा लोकसेवक गुन्ह्याला साथ देणारा मानला जाईल, असे त्यात आले. पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या कलम ४ नुसार या कायद्याखालचे कर्तव्य जाणूनबुजून टाळणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला किमान सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. २०१५ च्या दुरुस्तीने ही कर्तव्ये एकेक करून लिहिली : तोंडी तक्रार लिहून वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे, प्रत देणे, जबाब घेणे, साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल करणे. मेख मात्र एक राहिली. या कलमाखाली कारवाई करायची तर प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. म्हणजे चौकशी करणारे बहुधा त्याच यंत्रणेतले!

१९९५ च्या नियमांतला नियम १३ आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचला असेल. अत्याचारप्रवण भागात नेमले जाणारे अधिकारी आणि कर्मचारी यांना अनुसूचित जाती-जमातींच्या प्रश्नांची समज आणि योग्य कल आहे, याची खात्री राज्य सरकारने करायची आहे. शिवाय प्रशासनात आणि पोलीस दलात सर्व स्तरांवर, विशेषतः पोलीस ठाणे आणि चौकीच्या पातळीवर, या समाजाची माणसे पुरेशी असली पाहिजेत. संवेदनशीलता ही अशी कायद्याने घातलेली नेमणुकीची अट आहे. सरकारने तिला वर्षातून एकदा करायचा कार्यक्रम करून टाकले.

खैरलांजी आणि २०१८

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पहिले शवविच्छेदन इतके निष्काळजीपणे झाले, की मृतदेह उकरून दुसरे करावे लागले. पोलीस अधिकारी निलंबित झाले, पण ते रस्त्यावर जनता उतरल्यावर. खालच्या न्यायालयाने २००८ साली आरोपींना दोषी ठरवले, मात्र अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. हवालदार, तपास अधिकारी आणि डॉक्टर यांनी पहिल्या दोन-तीन दिवसांत जे लिहिले किंवा लिहिले नाही, त्यावर पुढची सगळी लढाई ठरते.

२० मार्च २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आठवा. महाराष्ट्रातल्या एका सरकारी महाविद्यालयातील कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात लिहिलेल्या प्रतिकूल शेऱ्यांतून ते प्रकरण सुरू झाले होते. निकाल असा लागला, की लोकसेवकाला अटक करण्याआधी त्याच्या नेमणूक अधिकाऱ्याची परवानगी घ्या. ढाल मिळाली ती अधिकाऱ्याला! २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये आपली माणसे रस्त्यावर आली, काहींनी प्राण गमावले. संसदेने कलम १८-अ आणले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले.

मग आपण काय मागायचे?

कार्यशाळेत भाषणे ठेवू नका, निकालपत्रे ठेवा. जिल्ह्यात अत्याचाराचे जे खटले सुटले, त्यांची निकालपत्रे कर्मचाऱ्यांनी स्वतः वाचावीत. जातीचा दाखला जोडला नाही, उपअधीक्षकाऐवजी खालच्या अधिकाऱ्याने तपास केला, कलमच लावले नाही, अशा चुका त्यांनी आपल्या हाताने शोधाव्यात. शिकवणाऱ्यांत पीडित समाजातले वकील आणि कार्यकर्ते असावेत. यशदा आणि बार्टीसारख्या संस्था सरकारकडे आहेतच, त्यांनी हे काम हाती घ्यावे. या प्रशिक्षणाची आणि नंतरच्या कामाची नोंद कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात व्हावी.

आपल्या बाजूनेही काम आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा झालीच पाहिजे, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीची जानेवारी आणि जुलैमध्ये. माहिती अधिकारात गेल्या चार बैठकांचे इतिवृत्त मागा. कलम ४ खाली किती चौकश्या झाल्या ते विचारा. नियम १३ प्रमाणे नेमणुका कशा केल्या ते विचारा. समितीत अशासकीय सदस्यांच्या जागा असतात, तिथे आपली अभ्यासू मुले-मुली पाठवा. नेत्यांच्या मागे फिरणाऱ्यांनी त्या अडवू नयेत.

मन बदलते, यावर आम्हा बौद्धांचा विश्वास आहे. बुद्धाने अंगुलिमालाला बदलले. पण कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या बाईने साहेबाचे मन बदलेपर्यंत थांबायचे नसते. तिची तक्रार आज, याच कलमाखाली, लिहून घेतली गेली पाहिजे. ती लिहायला भाग पाडणारी व्यवस्था उभी राहिली, की मनालाही हळूहळू नवे वळण लागते.

जय भीम. नमो बुद्धाय.