नालछ्याचे पंडितजी आणि साबरमतीचं वासरू

धारहून मांडूला निघालं की वाटेत नालछा लागतं. सहलीच्या गाड्या तिथे सहसा थांबत नाहीत. सगळ्यांना राणी रूपमतीचा महाल गाठायची घाई. पण आपल्यासारख्या श्रावकांच्या घरांना मांडूपेक्षा नालछाच जवळचं वाटायला हवं. आठशे वर्षांपूर्वी त्याचं नाव नलकच्छपूर होतं. तिथल्या नेमिनाथ चैत्यालयात बसून पंडित आशाधरांनी आपल्याच ‘सागारधर्मामृत’ ग्रंथावरची टीका पुरी केली, विक्रम संवत १२९६ मध्ये, म्हणजे इसवी सन १२३९ च्या सुमारास. गादीवर तेव्हा परमार राजा जैतुगीदेव होता.

आशाधर मूळचे मांडलगडचे. शहाबुद्दीन घोरीच्या स्वाऱ्यांनी तो मुलूख हातचा गेला, तेव्हा त्यांचं घराणं माळव्यात धारानगरीला आलं. धारेत ते पंडित महावीरांजवळ शिकले आणि पुढे नालछ्याला जाऊन राहिले. जातीने बघेरवाल. माझं माहेर कारंज्याच्या बघेरवालांचं, त्यामुळे ‘आशाधर आपले’ हे मी दूधभाताबरोबरच ऐकलेलं. सासर मिळालं देवासचं. सासरे बँक नोट प्रेसमध्ये नोकरीला आले आणि इथलेच झाले. पवारांच्या दोन पात्यांच्या या गावात मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे मला परकं काही वाटलं नाही. नालछा इथून शे-सव्वाशे किलोमीटरवर आहे हे कळल्यावर तर माहेरचं कुणी जवळ राहत असल्यासारखंच वाटलं.

पंडितजींची एक गोष्ट मला फार आवडते. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी वडील सल्लक्षण, आई श्रीरत्नी आणि मुलगा छाहड यांच्यासोबत बायकोचं नावही घातलंय. सरस्वती तिचं नाव. मुनी नव्हते ते, संसारी होते. म्हणून त्यांचा ग्रंथ सागाराचा, घरात राहणाऱ्याचा. घरात चूल असते, पाणी गाळायचं असतं, आजारपणं असतात, गोठा असतो, हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाने तो लिहिलाय.

त्या ग्रंथात एके ठिकाणी तीन प्रकारचे जीव सांगितलेत: हिंस्र, दुःखी आणि सुखी. यांपैकी कुणालाही कधीही मारू नये, असं पंडितजी म्हणतात आणि तिन्हींची वेगवेगळी कारणं देतात. हिंस्र म्हणून मारायचं म्हटलं, तर मारणाराही हिंस्रच ठरतो, मग त्यालाही मारावं लागेल आणि हे थांबणारच नाही. सुखी जीव सुखात मेला तर पुढेही सुखी राहील असं कुणी म्हणेल, तर हातातलं सुख तोडण्यापलीकडे त्यातून काहीच होत नाही. आणि दुःखी? त्याला मारलं म्हणजे तो दुःखातून सुटला, हे तुम्हाला कुणी सांगितलं? इथलं दुःख थोडं असेल, पुढच्या गतीत नरकाचं मोठं दुःख वाट बघत असेल तर?

हे वाचताना आधी वाटतं, असं कोण म्हणत असेल की दुःखी जिवाला मारून सोडवावं? पण म्हणणारे होते. जुन्या ग्रंथांत त्यांना ‘संसारमोचक’ म्हटलंय, संसारातून सोडवणारे. आशाधरांच्याही आधी आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त याच विचाराचं खंडन केलंय. दयेपोटी मारावं की नाही, हा प्रश्न इंग्रजी औषधांबरोबर आपल्याकडे आला अशी आपली समजूत असते. तो हजारभर वर्षं आपल्याच ग्रंथांत बसलेला आहे.

मागच्या वर्षी ते पान मी कितीदा उघडलं त्याची मोजदाद नाही. घरात राणी होती. गावठी कुत्री, तेरा वर्षांची, धाकट्याने शाळेतून येताना दप्तरात घालून आणलेली. मागचा उजवा पाय टेकवेना म्हणून फोटो काढला, तर हाडाचा कॅन्सर, आणि छातीच्या फोटोत फुप्फुसांत ठिपके. पाय कापूनही उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, “वहिनी, दुखणं कमी करायची औषधं देतो. पण एक दिवस ती पुरणार नाहीत. तेव्हा काय करायचं ते घरात बोलून ठेवा.”

घरात बोलायला बसलो तर दोन तट पडले. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, लगेच इंजेक्शन द्या, वाट कसली बघता. सासूबाईंनी माळ खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, “तिला विचारलंस का?”

सासूबाईंच्या या प्रश्नाचं महत्त्व समजायला २०१५ साल आठवावं लागेल. राजस्थान उच्च न्यायालयाने त्या ऑगस्टमध्ये संथारा म्हणजे आत्महत्याच असा निकाल दिला, तेव्हा गावोगावचा समाज मौन मोर्चे काढून रस्त्यावर उतरला. महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. आपण तेव्हा सगळ्यांना काय सांगत होतो? सल्लेखना हे व्रत आहे, ज्याचं त्याने जाणतेपणी घेतलेलं, कुणी लादलेलं नाही. उदाहरण द्यायचो कुंथलगिरीचं. आचार्य शांतिसागर महाराजांची दृष्टी जाऊ लागली. जीव दिसेनात तर पावलापावलाला हिंसा होईल, म्हणून १९५५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सल्लेखना घेतली आणि छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबरला, देह ठेवला. निर्णय त्यांचा होता. पाणी कधी घ्यायचं, कधी बंद करायचं, तेही त्यांनीच ठरवलं.

मग हीच मोजपट्टी राणीला लावायची, तर हात बांधले जातात. कुत्री व्रत घेत नाही. तिच्या वतीने ‘आता पुरे’ म्हणणारी मी कोण? आणि दुसऱ्या बाजूने, औषध देऊन तिला जगवणारी तरी मी कोण? तेही तिने मागितलं नव्हतं. सासूबाईंचा प्रश्न दोन्हीकडे कापत होता, पण हे मी त्यांना म्हटलं नाही. सत्तर वर्षं सामायिक करणाऱ्या बाईशी वाद घालण्याची ती वेळ नव्हती.

या प्रश्नावर आपल्या देशातलं सगळ्यात मोठं भांडण १९२८ मध्ये झालं, साबरमतीच्या आश्रमात. एक वासरू जायबंदी होऊन पडलं होतं. औषधपाणी झालं, जनावरांच्या डॉक्टरांनी आशा सोडली. कूस बदलायची म्हटली तरी त्याला असह्य वेदना व्हायच्या, त्यामुळे पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून त्याला उचलणंही शक्य नव्हतं. गांधीजींनी आश्रमाच्या व्यवस्थापक मंडळाशी चर्चा केली. एकाने कडाडून विरोध केला: जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. शेवटी गांधीजींनी आपल्यासमोर डॉक्टरांकडून विषाचं इंजेक्शन देववलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं.

गांधीजींनी हे लपवून ठेवलं नाही. ‘नवजीवन’मध्ये आणि ऑक्टोबरात ‘यंग इंडिया’त त्यांनी स्वतः लिहिलं, शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचा दाखला दिला. सर्जन सुरी चालवतो ती हिंसा नाही, तर त्याच वाटेने एक पाऊल पुढे जाऊन देहापासून जीव सोडवणं हीसुद्धा काही प्रसंगी अहिंसाच. त्यावर संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. अहमदाबाद म्हणजे जैनांचं शहर, त्यात दोनच वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये, अंबालाल साराभाईंच्या गिरणीतली साठ भटकी कुत्री मारली गेली त्या प्रकरणात गांधीजींनी साराभाईंची बाजू घेतलेली. लोकांच्या मनात तो राग होताच.

मला या भांडणात एक गोष्ट नेहमी खटकते. चिडून लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी पडलेल्या जनावराची रात्र काढली असेल? रात्र काढणं म्हणजे काय, ते बायकांना माहीत असतं. घरातल्या म्हाताऱ्यांचं, मुलांचं, गायीगुरांचं आजारपण कुणाच्या अंगावर पडतं? ‘मारू नये’ म्हणणारा आणि उशापायथ्याशी बसणारा, ही दोन माणसं बहुधा वेगळी असतात.

तरी समाजाने नुसता उपदेश केला असं म्हणणं अन्यायाचं होईल. १८३२ मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, मारणाऱ्याला बक्षीस ठेवलं. पारशी लोक चिडून उठले, दंगल झाली, बाजार बंद पडले. त्यातूनच दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरपोळ उभा केला. गुजरातेत पांजरपोळ त्याआधीपासून होतेच. ते बघून गोरे प्रवासी लिहायचे, या लोकांना जनावर मारवत नाही म्हणून ते त्याला कुजत ठेवतात. टीका बोचरी आहे, आणि जिथे पांजरपोळात नुसती भिंत आणि गवत आहे, तिथे ती खरीही आहे. पंडित आशाधरांचा ‘नाही’ हा शब्द स्वस्त नाही. तो उच्चारला की पुढची सगळी सेवा आपल्या गळ्यात पडते.

कायद्याने मात्र दार किलकिलं ठेवलंय. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलं आणि १९६० मध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याला आळा घालणारा कायदा झाला. त्यातच, एखादं जनावर जिवंत ठेवणं हेच क्रौर्य ठरेल अशी खात्री पटली तर त्याला मरण देण्याची तरतूद आहे. प्राण्यांसाठी आयुष्य वेचणाऱ्या शाकाहारी बाईच्या आग्रहातून आलेल्या कायद्यात हे कलम असावं, याचं आधी मला आश्चर्य वाटलं होतं, आता वाटत नाही.

आशाधरांकडे नव्हतं आणि १९२८ च्या आश्रमातही फारसं नसेल असं एक साधन आपल्याकडे आहे: वेदना खरोखर कमी करणारी औषधं. ‘मारायचं की तडफडताना बघायचं’ असे दोनच रस्ते आता उरलेले नाहीत. आम्ही तिसऱ्या रस्त्याने गेलो. सकाळ-संध्याकाळ गोळ्या, जुन्या नऊवारीची घडी करून अंथरूण, दर तीन तासांनी कूस बदलणं, पोटाखालून टॉवेल घालून अंगणात नेणं. सासूबाई रोज तिच्याजवळ बसून पाठ म्हणायच्या. तेवीस दिवस राणी खात होती, शेपटी हलवत होती, दुधवाल्यावर भुंकत होती. मुलाला मी रोज फोनवर तेच सांगायची. इंजेक्शन पहिल्या दिवशी दिलं असतं तर हे तेवीस दिवस तिचेच गेले असते. पंडितजींचं ‘सुखी’ जिवाबद्दलचं म्हणणं मला तेव्हा नीट कळलं. दुखणाईतालाही सुख असतं, दुधवाला आला की असतं.

चोविसाव्या दिवशी ती उठायला गेली आणि कॅन्सरने पोखरलेलं ते हाड मोडलं. तो आवाज लिहीत नाही. डॉक्टर आले, होतं त्यातलं मोठ्यात मोठं औषध दिलं, दोन तास वाट बघितली. राणी ओरडायची थांबली ती दमून. डोळे उघडेच, जीभ बाहेर, हात लावू देईना. डॉक्टर म्हणाले, आता माझ्याकडे दुसरं काही नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ‘द्या’ म्हटलं.

आशाधरांचा आधार मी यासाठी घेत नाही. त्यांच्या ग्रंथात याला परवानगी नाही, आणि ओढूनताणून अर्थ काढणं मला आवडत नाही. पुढच्या गतीचा त्यांचा प्रश्न तसाच उभा आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, गांधीजींकडेही नव्हतं. मी फक्त एवढं तपासलं की सुटका नक्की कुणाला हवी आहे. तेवीस रात्री जागून मी थकले होते, हे खरं. पण बाविसाव्या रात्रीही मी तितकीच थकलेली होते आणि तेव्हा मनात इंजेक्शन नव्हतं. चोविसाव्या दिवशी ते आलं ते तिच्या डोळ्यांकडे बघून.

जीवंधरकुमाराची गोष्ट आपण दशलक्षणात ऐकतो. यज्ञाचं अन्न उष्टावलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला बेदम मारलं होतं. जीवंधराला तो शेवटच्या घटका मोजताना सापडला. वाचवणं शक्य नव्हतं. जीवंधराने त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला, आणि तो कुत्रा सुदर्शन नावाचा यक्ष झाला, पुढे मित्र होऊन जीवंधराच्या मदतीला आला.

डॉक्टरांनी आधी गुंगीचं दिलं, मग शिरेतून दुसरं. सासूबाई त्या दिवशी खोलीबाहेर आल्या नाहीत, उपास धरला. संध्याकाळी मी पाणी घेऊन गेले, तर म्हणाल्या, “कानात सांगितलंस ना?”

“हो आई,” म्हटलं. “पूर्ण सांगितला.”

त्यांनी माळ उचलली.