कोलूपलीकडचे अंदमान: चॅथमच्या आरागिरणीचा इतिहास

१/ अंदमान म्हटले की मराठी मनासमोर सेल्युलर जेल आणि सावरकरांचा कोलू उभा राहतो. त्याच पोर्ट ब्लेअरला (आताचे श्री विजयपुरम) एका पुलाने जोडलेले चॅथम नावाचे चिमुकले बेट आहे. तेथील सरकारी आरागिरणी, म्हणजे सॉ मिल, त्या जेलहूनही जुनी आहे. #थ्रेड

२/ १० मार्च १८५८. सुमारे २०० कैद्यांना घेऊन डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर अंदमानात उतरला. पहिला तळ पडला तो चॅथमवरच. गोड्या पाण्याअभावी मुख्य ठाणे लवकरच रॉस बेटावर हलले. कैद्यांच्या वाट्याला आलेले पहिले मोठे काम होते जंगल साफ करण्याचे.

३/ ते जंगल निर्मनुष्य नव्हते. ग्रेट अंदमानी जमातींचे ते घर होते. तोड पुढे सरकली तशा चकमकी वाढल्या. मे १८५९ मध्ये ॲबरडीन येथे मोठी लढाई झाली. बंदुकांपुढे धनुष्यबाणांचा निभाव लागला नाही.

४/ १८८३ मध्ये अंदमानात वनखाते स्थापन झाले आणि त्याच वर्षी चॅथमची गिरणी उभी राहिली. येथे धोरणच पालटले. आधी वस्तीसाठी झाडे पाडली जात. आता लाकूड हेच उत्पन्नाचे साधन ठरले.

५/ कैदी झाडे तोडत, हत्ती ओंडके ओढत, मग ते समुद्रमार्गे चॅथमला येत. लालसर पडौक युरोप-अमेरिकेपर्यंत पोहोचला. त्या तांबूस फळ्यांवर कैद्यांच्या श्रमाची खूण मात्र कोठेच नव्हती.

६/ मार्च १९४२ मध्ये जपानी फौजांनी बेटे घेतली. महायुद्धातील बॉम्बने पडलेला खड्डा गिरणीच्या आवारात आजही जपलेला आहे.

७/ स्वातंत्र्यानंतरही करवत थांबली नाही. निर्वासितांच्या वसाहतींसाठी जंगल हटले. प्लायवुड आणि आगपेट्यांच्या कारखान्यांनाही लाकूड हवे होते. राज्यकर्ते बदलले, तरी जंगलाकडे कोठार म्हणून पाहण्याची दृष्टी टिकून राहिली.

८/ तिला लगाम घातला सर्वोच्च न्यायालयाने. शेखर सिंह आयोगाच्या अहवालानंतर ७ मे २००२ रोजी नैसर्गिक जंगलाच्या तोडीवर कठोर निर्बंध आले. स्थानिक गरजेपुरती मर्यादित मुभा उरली आणि गिरणीचे काम आक्रसले.

९/ आज पर्यटक येथील वनसंग्रहालयात पडौकच्या देखण्या वस्तू पाहतात. वसाहतीबरोबर आलेल्या रोगांनी आणि संघर्षांनी खचलेल्या ग्रेट अंदमानी लोकांची संख्या मात्र आता शंभराच्याही आत आहे. सेल्युलर जेलच्या भिंतींवर कैद्यांची नावे कोरलेली आहेत. चॅथमचा इतिहास वाचताना ज्यांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत, त्यांचीही आठवण ठेवावी लागते. (समाप्त)